कच्चा टाका

आमच्या घरातील लग्नांचे जेवढे अल्बम आहेत, त्यांत माझा मोकळेपणाने हसणारा एकही फोटो नाही. कुठे ओढणीचे टोक ओठांवर आहे, कुठे हात, तर कुठे ऐन वेळी मी मान वळवलेली आहे. माझ्या स्वतःच्या निकाहच्या फोटोतही माझे ओठ घट्ट मिटलेले आहेत. लोकांना वाटले, नवरी लाजते आहे. खरे कारण वेगळे होते. सहावीत असताना मंचरला सायकल शिकताना मी दगडी पायरीवर तोंडावर आपटले. वरच्या पटाशीच्या दोन दातांपैकी उजवा अर्धा तुटला, डाव्याचा कोपरा उडाला. ओठ बरा झाला, पण उजवा दात वर्षागणिक काळपट होत गेला. तेव्हापासून तीस वर्षे मी हात तोंडाशी नेऊनच हसत आले.

आज मी जुन्नरमध्ये माध्यमिक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. फळ्याकडे तोंड करून हसण्याची सवय माझ्या मुलांनाही माहीत होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाचीचे नाते पक्के झाले. निकाह शव्वालमध्ये ठरला. भाभी म्हणाल्या, "आपा, आता तरी दात करून घ्या. नवीन सोयरे येणार, फोटो निघणार." मलाही ते पटले. भिशीचे पैसे हातात होते. कुणीतरी सांगितले म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात गेले. तिथे माझा फोटो काढून संगणकावर पांढरेशुभ्र दहा दात लावून दाखवले. वरचे दहाही दात घासून त्यांवर कॅप बसवायच्या, दोन-तीन फेऱ्यांत काम पूर्ण, आगाऊ रक्कम आजच भरायची. पडद्यावरची मी इतकी सुंदर दिसत होते की माझा हात पर्सकडे गेलाच होता. मी एवढेच विचारले, "हे आधी तोंडात लावून बघता येईल का?" उत्तर आले, "बघितलंत ना आत्ता." मी विचार करून सांगते म्हणून उठले.

मला उठवले ते अब्बूंच्या आठवणीने. अब्बू मंचरच्या बाजारपेठेत शिलाईचे दुकान चालवत. शेरवानी किंवा कोट शिवायचा असला की पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके घालून ते कपडा उभा करत आणि गिऱ्हाइकाला बोलावत. गिऱ्हाईक आरशासमोर खूश होई, पण अब्बूंचे तेवढ्यावर समाधान होत नसे. "हात वर करा. आता खाली बसा. रुकूत वाकता तसे वाका." बगलेत ओढले, पाठीत ताणले, की खडूची खूण करून टाके उसवायचे. ते म्हणत, "आरशापुढे उभं राहिलं की सगळंच बसतं. माणूस हलला की कपडा बोलतो." कापड तरी पुन्हा विकत मिळते. दातावरचे कवच एकदा घासले की ते पुन्हा येत नाही. मग दहा दातांना एकदम कात्री लावायची आणि कच्चा टाका नाही?

पुढे शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या सांगण्यावरून नारायणगावच्या एका दंतवैद्य बाईंकडे गेले. त्यांनी तपासून पहिल्यांदा दात स्वच्छ करून दिले, कारण चहाचे डाग आणि किटण असताना रंग ठरवता येत नाही. मग वरच्या-खालच्या दातांचे माप घेतले आणि आठवड्याने बोलावले. गेले तर टेबलावर माझेच दात पांढऱ्या प्लास्टरमध्ये होते, आणि त्यांवर मेण चढवून नवे आकार घडवलेले होते. मीच हट्ट केला होता की, मला ते दहा दात बघायचेच आहेत. त्या मेणाच्या दातांवरून त्यांनी रबरासारखा मऊ साचा काढला होता. साच्यात दाताच्या रंगाची पेस्ट भरली आणि तो माझ्या दातांवर दाबून धरला. काही मिनिटांत पेस्ट घट्ट झाली, साचा निघाला आणि हातात आरसा आला. ना भूल, ना मशीन, एकाही दाताला धक्का नाही. माझ्या दातांवर नुसता एक पातळ थर होता. डॉक्टर म्हणाल्या, "हे उद्यापर्यंत राहू द्या. घरी जा, जेवा, बोला, माणसांना दाखवा. उद्या काढून टाकू."

मी तशीच मंचरला अम्मीकडे गेले. भाभींना फार आवडले. शेजारच्या खालाजानही कौतुक करून गेल्या. अम्मी मात्र बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दात छान आहेत. कुणाचे आहेत?"

सगळे हसले, मीही हसले. पण ते वाक्य मनात राहिले. आमच्या घरात वरचा डावा सुळा थोडा बाहेर झुकलेला असतो. नानीचा होता, अम्मींचा आहे, माझा आहे आणि माझ्या भाचीचाही आहे. त्या दहा दातांत माझा सुळा रांगेत येऊन सरळ झाला होता. रात्री भांडी आवरताना भाची हळूच म्हणाली, "फूफी, तुमचा सरळ केला, म्हणजे तो वाईटच दिसत असणार. मग माझाही करायला हवा ना निकाहच्या आधी?" आणि दारातून भाभींचा आवाज आला, "मी तेच म्हणत होते."

मी हातातले ताट खाली ठेवले. बावीस वर्षांची मुलगी, एकही दात किडलेला नाही. माझे बघून उद्या ती दहा निरोगी दात घासून घेणार होती. प्रश्न आता माझ्या फोटोपुरता राहिला नव्हता.

त्याच रात्री मी घरातल्या किताबा उघडल्या. यात दीनचा संबंध कुठे येतो, असे काही भगिनींना वाटेल, पण येतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे की, सौंदर्यासाठी दात घासून त्यांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांवर लानत केली गेली आहे. दुसरीकडे अबू दाऊद आणि तिर्मिजीमध्ये हजरत अरफजा (रजि.) यांची हकीकत आहे. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची परवानगी अनेक विद्वानांनी याच हकीकतीवरून काढली आहे. कुर्तुबाचे मशहूर शल्यचिकित्सक अज-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात असे दात तारेने बांधण्याची आणि पडलेल्या दाताच्या जागी गाईच्या हाडाचा दात बसवण्याची रीत लिहून ठेवली आहे. सकाळी मशिदीच्या इमाम साहेबांना विचारून घेतले. ते म्हणाले, तुटलेले नीट करणे हा इलाज आहे. धडधाकट अवयव केवळ शोभेसाठी कापणे ही वेगळी गोष्ट आहे. आपण कुठे उभे आहोत, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे बघावे.

मी बघितले. माझे दोन दात तुटलेले होते, आठ नव्हते.

दुसऱ्या दिवशी नारायणगावला जाऊन तो थर काढून घेतला आणि सांगितले, "डॉक्टर, फक्त दोनच." त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणूनच आधी लावून बघायचं असतं. निम्मी माणसं कमी करा म्हणतात." त्यांनी एक गंमतही सांगितली. दात सुंदर करण्याची ही विद्या सुरूच झाली ती कच्च्या दातांपासून. 1930 च्या दशकात अमेरिकेत हॉलिवूडच्या नट-नट्यांसाठी चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य दातांवर बसणारे पातळ पापुद्रे बनवत. ते कवळीच्या पावडरीने चिकटवायचे, चित्रीकरण झाले की काढून ठेवायचे. पक्के चिकटवण्याचा उपायच तेव्हा नव्हता. 1955 मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या कवचावर आम्ल लावून ते खरखरीत केले की त्यावर राळ घट्ट धरते हे दाखवले, आणि पुढे पक्के काम शक्य झाले. जे एके काळी कॅमेऱ्यापुरते होते, ते आता पक्क्या कामाआधीची चाचणी झाले आहे.

उजव्या दाताची नस केव्हाच मेलेली होती. त्याचे रूट कॅनल झाले. मग तो कॅपसाठी घासला, आणि डाव्याच्या पुढच्या बाजूचा अगदी पातळ थर काढला. त्या दिवशी त्याच मेणाच्या आकारावरून बनवलेले दोन कच्चे दात मला कच्च्या सिमेंटने बसवून दिले. डॉक्टरांनी बजावले की, हे राळेचे आहेत, चिनी मातीचे नाहीत. समोरच्या दातांनी भाकरीचा कडक पापुद्रा, ऊस, चिक्की तोडायची नाही. निघालाच तर गिळू नका, घरातल्या गमने चिकटवू नका, डबीत ठेवून लगेच या. आणि तीन आठवडे रोजचे आयुष्य जगा, काय खटकते ते वहीत लिहा.

खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी माझी परीक्षाही घेतली. "साठपासून सत्तरपर्यंत मोजा." एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणताना प्रत्येक 'स' नीट येतो का ते त्या ऐकत होत्या. मग "वारा, वावर, फळ, फूल" म्हणायला लावले. सगळे ठीक आले. आरशातही ठीक होते. घरी सर्वांनी "माशाअल्लाह" म्हटले.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात उर्दूचे इमला, म्हणजे श्रुतलेखन घेतले. एक शब्द होता 'सहर', म्हणजे पहाट. वह्या तपासायला घेतल्या तर निम्म्या वर्गाने 'शहर' लिहिले होते. एका-दोघांची चूक असती तर मी लाल रेघ मारली असती. निम्मा वर्ग चुकतो तेव्हा चूक शिक्षकाच्या तोंडात असते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून अदबीने म्हणाली, "टीचर, तिसऱ्या शब्दात फ़े होतं की वाव?"

माझ्या पोटात खड्डा पडला. बावीस वर्षे मी या मुलांचे उच्चार दुरुस्त करत आले होते. दात चांगला झाला आणि जबान बिघडली, तर माझ्याकडे राहिले काय? त्या रात्री नमाजमध्ये सूरह फातिहा म्हणतानाही माझे लक्ष अर्थाऐवजी ओठांकडे जात राहिले.

डॉक्टरांना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "एक आठवडा थांबा. नवीन दाताची सवय जिभेला व्हावी लागते. आठवड्यानंतरही राहील, ती चूक दाताची." मी रोज संध्याकाळी मोठ्याने वाचन करू लागले. आठ दिवसांनी पुन्हा तेच इमला घेतले. या वेळी 'सहर' जवळजवळ सर्वांनी बरोबर लिहिले. म्हणजे 'स'चा दोष जिभेच्या सवयीचा होता, तो गेला. 'फ़े' मात्र तसेच राहिले.

मग मी आरशासमोर बसून विचार केला आणि उत्तर आमच्याच तज्वीदमध्ये सापडले. मदरशात लहानपणी पाठ केलेले मखारिज आठवले. 'फ़े'चे मखरज म्हणजे वरच्या पटाशीच्या दातांची कड आणि खालच्या ओठाचा आतला भाग. 'से', 'जाल', 'जोए' या तिघांसाठी जिभेचे टोक त्याच दातांच्या कडेला लागते. म्हणजे ज्या दोन दातांचे काम मी करून घेत होते, त्यांच्या कडेवर कुरआनच्या चार अक्षरांचे ठिकाण आहे. मराठीत 'फळ' म्हणताना पुष्कळजण ओठाला ओठ लावतात, तिथे दाताचे काम पडत नाही. डॉक्टरांनी खुर्चीत मला मराठी 'फ' म्हणायला लावला होता. उर्दूतले 'फ़े' त्यांनी तपासलेच नव्हते, आणि ते तपासायला हवे हे त्यांना कोण सांगणार? मीच.

पुढच्या रविवारी वही घेऊन गेले. 'सफर', 'फर्क', 'फजर' असे शब्द त्यांच्यासमोर म्हणून दाखवले. त्यांनी खाली वाकून नीट पाहिले. दाताची कड ओठाच्या ओल्या, आतल्या भागाला हलकी टेकायला हवी होती. ती बाहेरच्या कोरड्या भागावर दाबली जात होती. दात किंचित लांब होते. फोटोत त्याच लांबीमुळे हसू तरुण दिसत होते. डॉक्टरांनी विचारले, "कमी करू? दिसायला थोडा फरक पडेल."

"करा."

नखाच्या जाडीएवढे दोन्ही दात खालून घासले आणि कड गुळगुळीत केली. मी 'फजर' म्हटले, आणि ते माझ्या जुन्या आवाजात बाहेर आले. माझे डोळे भरून आले, याचे त्या बिचाऱ्या डॉक्टरांना नवल वाटले असेल.

कच्च्या दातांनी आणखीही बरेच शिकवले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते हळदीने पिवळट झाले. राळ डाग धरते, चिनी मातीवर ते तसे बसत नाहीत. एकदा भाभींच्या हातची तिळाची चिक्की विसरून तोंडात टाकली आणि उजवी कॅप निघून आली. ती डबीत घालून नारायणगावची एसटी पकडली. गुस्ल आणि वजूचीही शंका होती. इमाम साहेबांनी सांगितले की, डॉक्टरांशिवाय निघत नाही ती कॅप काढायची गरज नाही. जी स्वतः काढता-घालता येते ती काढून चूळ भरावी.

आता सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी दुरुस्त केलेल्या त्या कच्च्या दातांचेच माप घेतले आणि लॅबला पाठवले, म्हणजे पक्के दात त्यांच्याच लांबीचे आणि त्यांच्याच कडेचे यावेत. रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, माझ्या शेजारच्या दातांना रंगपट्टी लावून ठरवला. पांढराशुभ्र नव्हे, माझ्या वयाचा. रमजानच्या आधी पक्के काम बसले. अल्हम्दुलिल्लाह, त्या रमजानमध्ये तिलावत करताना माझे लक्ष ओठांकडे गेले नाही.

माझ्या भगिनींनो, दात नीट करून घ्यायचे असतील तर कुणाचा संकोच करू नका. पण मशीन लागण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. माझ्या दातांना हात न लावता मला नवा आकार तोंडात बघता येईल का? घासल्यानंतर कच्चे दात किती दिवस मिळतील, आणि त्यांत बदल करून द्याल का? पक्के दात त्या बदललेल्या आकारावरूनच बनतील का? ज्या ठिकाणी या प्रश्नांचा राग येतो, तिथून उठून या. कच्चे दात घेतल्यावर मात्र "चालतंय की" म्हणून महिनोन्महिने तसेच राहू नका. कच्चे सिमेंट विरघळते, आत कीड लागते, शेजारचे दात सरकतात आणि मग पक्की कॅप बसत नाही. खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांत काम बऱ्याच कमी खर्चात होते. पुण्यात कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण शिकणारा घाई करत नाही.

आणि त्या कच्च्या दिवसांत बोला. आपण बायका खुर्चीत बसलो की "ठीक आहे" म्हणून मोकळ्या होतो. डॉक्टरांना आरशातला चेहरा दिसतो. आपण दिवसभर काय खातो, काय वाचतो, कुणाशी कोणत्या भाषेत बोलतो, हे फक्त आपल्याला माहीत असते. सासूबाईंची कवळी असो की मुलीची कॅप, हाच कायदा.

शव्वालमध्ये भाचीचा निकाह झाला. फोटोवाल्याने सर्वांना एका रांगेत उभे केले. मी सवयीने हात वर नेला होता, पण भाचीने तो धरून खाली ठेवला. त्या फोटोत आम्ही तिघी हसतो आहोत, अम्मी, मी आणि नवरी. तिघींचाही डावा सुळा जरासा बाहेर झुकलेला आहे.